हद्दीचा दगड

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात महागाव हे आज तालुक्याचे ठिकाण आहे. त्याच्या आसपासची जमीन काळी आणि कसदार. कापूस, तूर आणि ज्वारी ही येथली जुनी पिके. महागावजवळच्या एका लहानशा खेड्यात माझे बालपण गेले. मी सांगणार आहे ती हकीगत १९७१ सालच्या उन्हाळ्यातील आहे. त्या वेळी मी सहावीची परीक्षा दिली होती. म्हणजे माझे वय तुमच्याएवढेच होते.

माझ्या आजोबांना आम्ही मुले 'आबाजी' म्हणत असू. त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. गावात त्यांना मोठा मान होता. कोणाचे भांडण लागले, कोणाच्या घरी वाटणी व्हायची असली, की लोक आबाजींकडे येत आणि त्यांचा शब्द मानीत. अशा माणसाचा नातू म्हणून मला फार अभिमान वाटे. एकच गोष्ट मात्र मला उमगत नसे. आबाजींचे धाकटे भाऊ आमच्या शेजारच्याच घरात राहत. दोन्ही घरांची भिंत एकच होती. परंतु अकरा वर्षे झाली, भाऊ भावाशी बोलत नव्हता. पोळ्याला, दिवाळीला या घरचे ताट त्या घरी जात नसे. मोठ्या माणसांना विचारले, तर "शेताच्या धुऱ्यावरून बिनसले," एवढेच उत्तर मिळे. शेताच्या बांधाला आमच्याकडे धुरा म्हणतात.

रात्री जेवणे आटोपली, की आबाजी अंगणात बाजेवर बसत आणि आम्हांला गोष्टी सांगत. त्यांत गाडगेबाबांची गोष्ट पुनःपुन्हा येई. तरुणपणी एका यात्रेत आबाजींनी बाबांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकले होते. बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे मूळ नाव डेबूजी. लहानपणीच वडील वारले आणि डेबूजी मामाच्या घरी वाढला. गुरे राखावी, शेतात राबावे, हेच त्याचे शिक्षण. सावकाराच्या लबाडीने मामाची जमीन गेली, तेव्हा अक्षर न येणाऱ्या माणसाची कशी लूट होते, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. १९०५ साली त्याने घर सोडले. त्यानंतर अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती काठी आणि मातीचे फुटके गाडगे, एवढाच त्याचा संसार. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबा एखाद्या गावी गेले, की आधी खराट्याने रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. कर्ज काढून लग्न करू नका, दारू पिऊ नका, देवाच्या नावाने मुकी जनावरे मारू नका, शिवाशीव पाळू नका, मुलांना शाळेत घाला, असे ते कळवळून सांगत. लोकांनी दिलेल्या पैशांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या. पण त्यांतील एका खोलीवरही स्वतःचा किंवा घरच्यांचा हक्क ठेवला नाही. त्यांच्या पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. सर्वांना हे साधणार नाही आणि त्या माउलीला काय सोसावे लागले असेल, हेही आपण विसरू नये. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुले शिकणार असतील, तर वास्तू त्यांच्या कामी यावी, हा त्यांचा विचार होता.

६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, ऐंशी वर्षांच्या बाबांनीही देह ठेवला. त्यांचे शरीर आजाराने खंगले होते. त्यांना मोटारीने अमरावतीस नेत होते. वाटेत वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी त्यांची प्राणज्योत मालवली. आपले स्मारक करू नये, मंदिर बांधू नये, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. आबाजी येथवर आले, की थोडा वेळ गप्प बसत आणि मग म्हणत, "बाबा मोकळ्या हातांनी गेले." हे सांगताना त्यांचा आवाज का बदलतो, हे मला कधी कळले नाही.

त्या वर्षी मे महिन्यात आबाजी अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी त्यांना तपासले आणि माझ्या वडिलांना बाजूस घेऊन हळूच काही सांगितले. त्या दिवसापासून घरात पाहुण्यांची ये-जा सुरू झाली. आबाजींची शेवटची इच्छा काय असेल, याचा जो तो आपल्या परीने विचार करू लागला. आत्याला वाटले, पंढरीच्या पांडुरंगाचे दर्शन राहिले असेल. वडील म्हणाले, "नागपूरच्या मोठ्या इस्पितळात नेऊ." आजी त्यांच्या आवडीची तुरीच्या डाळीची आमटी करून घास भरवू पाही. आबाजी सर्वांना हात जोडत आणि एकच प्रश्न विचारीत, "मृग लागायला किती दिवस आहेत?" मृग नक्षत्र लागले, की पेरणीची घाई सुरू होते. मरणाच्या दारी असलेल्या माणसाला पेरणीची काळजी का लागावी, याचे सर्वांना नवल वाटे.

एके रात्री सारे झोपले असता आबाजींनी मला जवळ बोलावले.

"गाडगेबाबा गेले, तेव्हा त्यांच्याजवळ काय होते रे?" त्यांनी विचारले.

"काठी आणि गाडगे," मी म्हणालो.

"म्हणजे कोणाला परत करायचे असे काही नव्हते. माझ्याजवळ आहे. दोन तास आहेत."

नांगराने किंवा तिफणीने शेतात जी एकेक ओळ ओढली जाते, तिला शेतकरी तास म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण आबाजींच्या बोलण्याचा अर्थ मला कळेना. मग ते थांबत थांबत बोलू लागले.

"वडिलांच्या माघारी आम्हां दोघां भावांत शेताची वाटणी झाली. मध्ये हद्दीचा दगड रोवला. अकरा वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, एका रात्री मी तो दगड दोन तास पलीकडे सरकवला. धाकट्याला संशय आला. पंच बसले. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्यांनी माझ्या बाजूने निकाल दिला. तो खरा होता. खोटा मी होतो."

मला रडू कोसळले. साऱ्या गावाचा न्याय करणारे माझे आबाजी! त्यांनी हे मला सांगितलेच नसते, तर बरे झाले असते, असे वाटले. मी हुंदके देत म्हणालो, "आबाजी, हे कोणालाच ठाऊक नाही. मग आता कशाला सांगायचे?"

"कोणालाच कसे ठाऊक नाही? मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "दर वर्षी पेरणी करताना त्या दोन तासांत बी पडते ना, तेव्हा माझी मान खाली जाते. लोक मला मान देतात, तेव्हा तर अधिकच. हे ओझे घेऊन मला जायचे नाही. आणि ते तुझ्या वडिलांच्या माथी ठेवून तर मुळीच जायचे नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला धाकट्या आबाजींना बोलावण्यास पाठवले. ते ओसरीवर अंबाडीचा दोर वळत बसले होते. मी निरोप सांगितला. त्यांनी वर न पाहता उत्तर दिले, "आता बोलायचे काय उरले आहे? जा, सांग त्याला." मी हिरमुसून परत आलो. आबाजींना मात्र राग आला नाही. ते म्हणाले, "तो का येईल? चूक ज्याची, त्याने जायचे असते." त्यांनी वडिलांना जवळ बसवून सारी हकीगत सांगितली आणि गाडी जुंपायला लावली. आजी विनवू लागली, आत्या रडू लागली. परंतु आबाजी ऐकेनात. गाडीत कडबा आणि त्यावर गोधडी अंथरून आम्ही त्यांना निजवले. निघताना ते मला म्हणाले, "धाकट्याला एवढेच सांग, दादा दगड हलवायला निघाला आहे."

मी धावत जाऊन तसे सांगितले. धाकट्या आबाजींच्या हातून दोर गळून पडला. ते अनवाणीच शेताकडे निघाले.

आम्ही पोहोचलो, तेव्हा वडील पहारीने दगडाभोवतीची माती उकरीत होते. आबाजी गाडीत उशाला टेकून बसले होते. धाकटे आबाजी धुऱ्यावर येऊन उभे राहिले. कोणीच काही बोलले नाही. दगड जमिनीत खोल गेला होता; एकट्या माणसाला तो हलेना. मग धाकट्या आबाजींनी पुढे होऊन दगडाला हात घातला. दोघांनी मिळून तो उपटला आणि जुन्या जागी नेऊन रोवला.

आबाजी म्हणाले, "अकरा वर्षांच्या पिकाचाही हिशेब करून देतो. पोराला सांगून ठेवले आहे."

धाकटे आबाजी गाडीजवळ आले. त्यांचे डोळे भरून आले होते. ते म्हणाले, "दादा, पिकाचे राहू दे. अकरा वर्षे तू माझ्या घरी आला नाहीस. त्याचा हिशेब कसा करणार?"

आबाजींजवळ याचे उत्तर नव्हते. त्यांनी भावाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. जमीन परत देता येते. गेलेली वर्षे परत देता येत नाहीत, हे त्या दिवशी मी धुऱ्यावर उभा राहून शिकलो.

त्यानंतर आबाजी नऊ दिवस जगले. धाकटे आबाजी रोज त्यांच्या उशाशी येऊन बसत. दोघे म्हातारे आपल्या लहानपणीचे बैल, आईच्या हातची भाकर आणि नदीवरचे पोहणे आठवीत आणि हसत. मृग लागण्यापूर्वी चार दिवस आबाजी शांतपणे गेले. त्या वेळी त्यांचा हात भावाच्या हातात होता.

गावात बातमी पसरली. "म्हाताऱ्याने उगाच तोंड उघडले; जन्माची अब्रू घालवली," असे काही जण म्हणाले. मलाही काही दिवस मित्रांत जायला लाज वाटे. पण त्या हिवाळ्यात एके दिवशी धाकटे आबाजी आमच्या घरी आले. त्यांच्या उपरण्यात पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र कापूस होता. "वहिनी, हा त्या दोन तासांतला. देवाच्या वातींसाठी आणला आहे," ते आजीला म्हणाले. त्या संध्याकाळी देवापुढे त्याच वाती जळत होत्या. तेव्हा माझी लाज गेली.

पुढे मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो आणि निवृत्तही झालो. आता मीच आजोबा आहे. माणूस या वयाला पोहोचला, की किती मिळवले याचा हिशेब मागे पडतो. कोणाचे देणे राहिले, कोणाचे मन दुखावले, कोणाशी बोलणे राहिले, हेच प्रश्न रात्री जागे ठेवतात. गाडगेबाबांनी जे मिळाले ते जन्मभर लोकांच्या पदरात टाकले. म्हणून शेवटच्या प्रवासात त्यांना मागे वळून पाहावे लागले नाही. आबाजींना बाबांसारखे होता आले नाही. त्यांनी चूक केली आणि ती अकरा वर्षे लपवली. पण शरीरातले बळ संपत आले असता त्यांनी उरलेले सारे बळ ती चूक सुधारण्यासाठी वेचले. म्हणून तेही मोकळ्या हातांनी गेले.

मुलांनो, मरण हा तुमच्या वयाचा विषय नव्हे. तुमच्यापुढे खेळण्याचे, शिकण्याचे, पुष्कळ काही करण्याचे दिवस आहेत. तरीही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. घरातील म्हाताऱ्या माणसाने हाक मारली, तर जवळ जाऊन बसा; त्याला बहुधा औषधापेक्षा ऐकणारे माणूस हवे असते. आणि तुमच्या हातून कोणाचा दगड सरकला असेल, तर तो आजच जागेवर नेऊन ठेवा. आज तो एका हाताने उचलेल. अकरा वर्षांनी तो जमिनीत खोल गेलेला असेल.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची प्रत्येकी दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) आबाजी आणि त्यांचे धाकटे भाऊ एकमेकांशी का बोलत नव्हते?
(आ) गाडगेबाबांनी धर्मशाळांवर आपला हक्क का ठेवला नसावा?
(इ) आबाजी मृग नक्षत्राची चौकशी वारंवार का करीत होते?

२. "त्याचा हिशेब कसा करणार?" हे वाक्य कोणी, कोणास आणि केव्हा म्हटले? त्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

३. "म्हाताऱ्याने उगाच तोंड उघडले," असे काही गावकरी म्हणाले. तुम्हांला काय वाटते? कारणे देऊन लिहा.

४. अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : मान खाली जाणे, अंथरुणाला खिळणे, स्वाधीन करणे, रडू कोसळणे.

५. घरातील किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध व्यक्तीजवळ बसून तिच्या लहानपणाची एक आठवण ऐका आणि ती दहा ओळींत लिहून काढा.