शनवाऱ्याहून पाण्याकाठी मुक्काम: कॅराव्हॅनचा खर्च कुठे वाढतो

कॅराव्हॅन भाड्याने घ्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो, दिवसाचं भाडं किती? माझं म्हणणं, हा प्रश्न तिसरा विचारा. पहिला विचारा, रात्री गाडी जिथे उभी राहणार तिथे वीज, पाणी आणि मैला टाकायची सोय काय? दुसरा, किलोमीटर कुठून कुठवर मोजणार? सहलीचं बजेट हलतं ते या दोन उत्तरांवर.

बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्याहून जवळच्या जागा दोन. पाणी हवं असेल तर हनुवंतिया: खंडवा, मूंदी करत इंदिरासागरच्या काठावर, जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर धरा. पाण्याच्या साठ्यात देशात या जलाशयाचा पहिला क्रमांक. मध्य प्रदेश पर्यटनाचं रिसॉर्ट तिथे काठावरच आहे आणि २०१६ पासून तिथे जलमहोत्सव भरू लागला. डोंगर हवा असेल तर चिखलदरा: देडतलाई, धारणी, सेमाडोह करत एका बाजूने दीडशेच्या आसपास. उंची अकराशे मीटरच्या वर, शक्कर तलाव गावाला लागूनच. पण रस्ता मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून आणि शेवटी घाटाच्या वळणांतून जातो. उंच, जड गाडी तिथे दिवसाउजेडीच न्यावी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हनुवंतियाच धरावं.

आता किलोमीटर. गाडी बहुधा इंदूरहून येणार. मालक मोजतो गॅरेजपासून गॅरेजपर्यंत. इंदूर ते बुऱ्हाणपूर १८० किलोमीटर, तिथून हनुवंतिया १२५, परत तेवढेच, म्हणजे ६१०. आपण बसलो २५०, पैसे ६१०चे. यावर उपाय सोपा आहे: घरच्यांनी रेल्वेने खंडव्याला उतरायचं, गाडीने इंदूरहून थेट खंडव्याला यायचं आणि परतताना आपल्याला तिथेच सोडायचं. इंदूर-खंडवा १३० आणि तिथून हनुवंतिया ५०, दोन्ही वेळचे मिळून ३६०. अडीचशे किलोमीटर वाचले. हिशेबापुरता दर ३० रुपये धरला तर साडेसात हजार.

पण थांबा. दिवसाचे किमान किलोमीटर किती, हे आधी विचारा. किमान २५० असतील तर तीन दिवसांचे ७५० झाले. मग गाडी ३६० धावो की ६१०, पैसे ७५०चेच, २२ हजार ५००. अशा वेळी खंडव्याची रेल्वे पकडण्यात अर्थ नाही. गाडी सरळ दारी बोलवा. ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा हॉल्ट, टोल आणि कर त्या दरात धरलेत की वेगळे, हे फोनवर नको, लेखी घ्या. जागेचं भाडंही निराळंच असतं. वरच्या दराने चौघांची दोन रात्रींची सहल तीस हजारांच्या आत बसवणं कठीण. स्वतःच्या कारने गेलात तर २५० किलोमीटरला १७ लिटर पेट्रोल लागेल, म्हणजे दोन हजारांच्या आतबाहेर, आणि वर राहायची खोली किंवा तंबू. म्हणून चौघांपर्यंत मी कारच सुचवीन. कॅराव्हॅनचे पैसे वसूल होतात ते सहा माणसं असतील तेव्हा, आणि त्यांत एखादी आजी असेल, जिला रात्री संडाससाठी अंधारात चालत जायला नको, तेव्हा.

नंबरप्लेट बघून घ्या. भाड्याच्या गाडीची प्लेट पिवळी असते. आपण स्वतः चालवायला घेतो तिची काळी, त्यावर पिवळी अक्षरं. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका, अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो. चिखलदऱ्याला जाताना धारणीच्या अलीकडे राज्य बदलतं. गाडीला अखिल भारतीय पर्यटक परमिट आहे का, नसेल तर महाराष्ट्राचा कर कोण भरणार, हेही लिहून घ्या. साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला हलक्या वाहनाचा परवाना चालतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला आहे. त्याहून जड गाडी मात्र स्वतः चालवायला घेऊ नका.

आणि आता वीज. यावर मी जास्त बोलणार, कारण मी यात पोळलो आहे. एका खासगी जागेवर फोनवर विचारलं तेव्हा "लाइट आहे, साहेब" असं उत्तर मिळालं. पोचलो तर लाइट म्हणजे चौकीदाराच्या खोलीतला एक बोर्ड, सहा अँपिअरचा. तिथून गाडीपर्यंत वायर ओढली, उरलेली रिळावर तशीच गुंडाळलेली ठेवली आणि एसी लावला. तासाभराने बायको म्हणाली, जळका वास येतोय. रिळाला हात लावला तर चटका बसला, आतले वेढे मऊ होऊन एकमेकांना चिकटले होते. मुलं आत झोपली होती. एसी बंद केला आणि ती रात्र दारं उघडी ठेवून काढली.

तेव्हापासून फोनवर मी तीनच गोष्टी विचारतो. सॉकेट सहाचा की सोळाचा? सहाच्या सॉकेटवर २३० व्होल्टला १,३८० वॅट मिळतात. त्यात दिवे, पंखे, छोटा फ्रिज आणि मोबाइल. सोळाचा असेल तर ३,६८० वॅट, म्हणजे एक टनाचा एसी आणि किटली चालते, एसी आणि तीन हजार वॅटचा गिझर एकत्र चालत नाही. दुसरं, अर्थिंग आहे का? गाडीचा सांगाडा लोखंडी, खाली ओली जमीन. अर्थिंग नसलेल्या जोडणीवर दाराची कडीसुद्धा जीव घेऊ शकते. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर स्वस्त मिळतो, तो घ्या, आणि गाडीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, आहे की नाही ते बटण दाबून बघा. तिसरं, सॉकेट गाडीपासून किती मीटरवर? वायर २.५ चौरस मिलिमीटरची, आणि रीळ शेवटच्या वेढ्यापर्यंत उलगडलेलं. विजेचे पैसे ठोक मागत असतील तर युनिट मोजा म्हणावं: एसी रात्रभर चालला तरी आठ-दहा युनिटं जातात.

पाण्याचं गणित सोपं. चार माणसांना, बादलीने आंघोळ धरून, दिवसाला सव्वाशे लिटर. म्हणजे बऱ्याच गाड्यांची टाकी रोज भरायला हवी. १६१५ साली सातपुड्यातलं झिरपतं पाणी कुंड्याकुंड्यांतून शहरात आणणारा कुंडी भंडारा आपल्या गावचा, तेव्हा पाणी कुठून येतं हे विचारायची सवय आपल्याला असायलाच हवी. बोअरचं की जलाशयातून उचललेलं, हे विचारा. पिण्यासाठी २० लिटरचे दोन जार घरून न्या.

मैल्याबाबत मात्र तडजोड नको. गाडीतली संडासाची पेटी साधारण २० लिटरची असते, चौघांत दोन दिवसांत भरते. ती ओतायला जागेवर सेप्टिक टँकची सोय हवी. "काठावर लांब कुठेतरी ओता" असं कुणी म्हणालं तर ती जागाच सोडा. ते पाणी नर्मदेचं आहे, खालची गावं तेच पितात. भांड्यांचं सांडपाणीही बादलीत धरून गटारात टाका. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यातल्या कॅराव्हॅन पार्कच्या कल्पनेत वीज, पाणी आणि मैल्याची सोय येते. चिखलदऱ्याला जागा ठरवताना मालकाला त्या धोरणाचं नाव घेऊनच विचारा.

गाडी पाण्याला टेकवून लावायचा मोह आवरा. दिवाळीनंतर पाणी ओसरत जातं आणि उघडी पडलेली काळी माती वरून वाळलेली दिसते. टाचेने दाबून बघा: टाच रुतली तर चाक रुतेलच, मग गावातून ट्रॅक्टर आणावा लागतो आणि तो मागेल ते द्यावं लागतं. मुरुमावर, थोडी उंचावर लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. मेमध्ये निमाडच्या उन्हात पत्र्याच्या गाडीला एसी पुरत नाही.

गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, टायर, टाक्या आणि किलोमीटरचा आकडा ड्रायव्हरसमोर मोबाइलवर टिपून घ्या, आणि ते फोटो तिथल्या तिथे मालकाला पाठवा. डिपॉझिट परत मागताना तेच कामी येतात.