१८ कोटींचा उपचार आणि सरकारी दवाखान्यातली कॅप्सूल
सिकलसेलविषयी नवे संशोधन काय सांगते, आणि आपल्या घरात आज काय करता येते

रोवणीचे दिवस आले की सिहोरा परिसरातल्या आपल्या वस्त्या सकाळीच रिकाम्या होतात. आयाबाया पऱ्हे घेऊन बांधीत उतरतात. दिवसभर पाय चिखलपाण्यात आणि पाठीवर पाऊस. संध्याकाळी अंग सगळ्यांचेच दुखते. पण एखाद्या घरात असे लेकरू असते, ज्याचे दुखणे रात्रभर थांबत नाही. हात, पाय, पाठ, छाती, हाडाच्या आतून ठणका उठतो. डोळे पिवळे दिसतात. घरचे म्हणतात वात आहे. शेजारी म्हणतात कामाचा कंटाळा आहे. कोणी भगताकडे नेते, कोणी रक्तवाढीचे टॉनिक आणून देते. रक्ताची एक साधी तपासणी मात्र राहून जाते.

अशा अनेक लेकरांच्या दुखण्यामागे सिकलसेल असतो. या महिन्यात आरोग्याच्या पानावर आम्ही त्याविषयीच लिहीत आहोत. या आजारावर गेल्या काही वर्षांत मोठे संशोधन झाले. त्यातले काही लंडन-अमेरिकेत झाले, काही आपल्या नागपुरात. त्यातले आपल्या उपयोगाचे काय, ते समजून घेऊ.

विळ्यासारखी पेशी

इंग्रजीत सिकल म्हणजे विळा. आपल्या रक्तातली लाल पेशी गोल आणि लवचिक असते, म्हणून केसाहून बारीक नळीतूनही वाकून निघून जाते. सिकलसेलमध्ये त्या पेशीतले हिमोग्लोबिन थोडे वेगळे असते. शरीरात पाणी कमी झाले, थंडी लागली, ताप आला किंवा फार दमणूक झाली, की ती पेशी कडक होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक नळ्यांत अडकतात, पुढचा रक्तपुरवठा थांबतो आणि वेदना सुरू होते. या पेशी लवकर फुटतातही. म्हणून अंगात रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे होतात.

हा फरक किती लहान आहे? केंब्रिजच्या व्हर्नन इंग्राम यांचा त्याविषयीचा निबंध १३ ऑक्टोबर १९५६ रोजी ‘नेचर’मध्ये छापून आला. दुसऱ्या दिवशी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली. तारखांचा हा निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोपा आहे. इंग्राम यांनी दाखवले, की हिमोग्लोबिनच्या लांबलचक साखळीत फक्त एका ठिकाणचा फरक हा आजार घडवतो. तो फरक जन्मतःच असतो आणि आई-वडील दोघांकडून येतो. त्यात करणी नाही, कोप नाही, मागच्या जन्मीचे पाप नाही. तो सोबत जेवल्याने, एका खाटेवर झोपल्याने किंवा स्पर्शाने लागत नाही.

आपल्यातच का?

‘हा महारांचा आणि आदिवासींचा रोग’ असे हिणवून बोलणारे आजही भेटतात. त्यांना विज्ञानाचे उत्तर द्यावे. १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत दाखवले, की ज्यांच्यात सिकलचा एकच अंश असतो त्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणून जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता, तिथे हा अंश टिकून राहिला. भंडाऱ्यासारखा तलावांचा, धानाचा आणि जंगलाचा प्रदेश मलेरियाचाच होता. ज्या अंशाने आपल्या पूर्वजांची लेकरे वाचवली, तोच दोन्हीकडून आला की आजार होतो.

तो ठरावीक समाजांत जास्त दिसतो, कारण लग्ने जातीतल्या जातीतच होत राहिली. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधात बाबासाहेबांनी जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहामुळे, असे मांडले. रक्तातल्या या अंशाचीही गोष्ट तशीच आहे. तो विशिष्ट जातीने निर्माण केला नाही. जातीच्या कुंपणाने तो आत कोंडला. विदर्भात तो इतर समाजांतही सापडतो.

जन्मलेल्या बाळाने दिलेला धागा

सिकलसेल असलेले बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने धडधाकट दिसते. १९४८ साली अमेरिकेतील डॉ. जॅनेट वॉटसन यांनी याचा उलगडा केला. पोटात असताना बाळाच्या रक्तात वेगळे हिमोग्लोबिन असते. त्याला गर्भ-हिमोग्लोबिन म्हणू. ते जन्मानंतर हळूहळू कमी होते. ते असते तोवर पेशी वाकत नाही.

पुढचे बरेचसे संशोधन याच धाग्याने गेले. गर्भ-हिमोग्लोबिन मोठेपणीही तयार होत राहिले, तर वेदना कमी होतील. ते कसे करायचे? याची दोन उत्तरे आज हातात आहेत.

पहिले उत्तर जगभर गाजले. शरीरातला गर्भ-हिमोग्लोबिनचा ‘दिवा’ बंद करणारे बटण कोणते, ते २००८ मध्ये कळले. मग जनुकात नेमकी काटछाट करणारे क्रिस्पर तंत्र आले. त्याबद्दल २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल इमॅन्युएल शार्पेंटिए आणि जेनिफर डाउडना या दोन स्त्रियांना मिळाले. रुग्णाच्या स्वतःच्या मूळ पेशी काढायच्या, ते बटण निकामी करायचे आणि पेशी परत शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. त्याला नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. ज्यांच्याकडे पुरेसा काळ पाहता आले अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान वर्षभर मोठ्या वेदनेचा झटका आला नाही. मोठे यश आहे. पण त्याआधी कडक केमोथेरपी घ्यावी लागते, आणि अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे सुमारे १८ कोटी रुपये ठेवली गेली. आपल्या देशातही दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत अशा स्वस्त उपचारावर काम चालू आहे. त्याची वाट जरूर पाहू, पण हातावर हात ठेवून नव्हे.

कारण दुसरे उत्तर आपल्या जवळ आहे. हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल. तीही गर्भ-हिमोग्लोबिनच वाढवते. १९९५ साली अमेरिकेतील मोठ्या चाचणीत ती घेणाऱ्या प्रौढांचे वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले. पण तिकडची मात्रा आपल्या लेकरांना झेपेल का, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’ने शोधले. डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, एवढ्या कमी आणि ठरलेल्या मात्रेनेही वारंवार झटके येणाऱ्या मुलांना मोठा फायदा झाला. मात्रा कमी असली की खर्च कमी होतो आणि वारंवार मात्रा बदलण्याचा खटाटोपही उरत नाही.

ही कॅप्सूल सरकारच्या सिकलसेल कार्यक्रमात मोफत मिळते. १८ कोटींचा उपचार ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर ती चालते. रोग मुळातून जात नाही, पण लेकरू शाळेत जाऊ लागते. मात्र ती दुखेल तेव्हा घ्यायची गोळी नाही. रोज घ्यावी लागते, गुण यायला काही महिने लागतात आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. गरोदरपणात ती चालत नाही. मूल हवे असेल तर नवरा-बायकोपैकी जो कोणी ती घेत असेल, त्याने आधी डॉक्टरांना सांगावे.

नवे ते सगळे चांगले, असेही नाही. व्होक्सेलोटर नावाचे औषध २०१९ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. रक्त वाढवते म्हणून गाजले. सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनेच सुरक्षिततेच्या शंकेमुळे ते जगभरातून मागे घेतले. तपासून पाहिल्याशिवाय स्वीकारू नका, ही तथागतांची शिकवण औषधालाही लागू आहे.

तपासणी: थेंबभर रक्ताचे काम

पहिली तपासणी सोल्युबिलिटीची. ती पॉझिटिव्ह आली तर एवढेच कळते की रक्तात सिकलचा अंश आहे. तो वाहक आहे की रुग्ण, ते एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या दुसऱ्या तपासणीत ठरते. म्हणून पहिल्याच कागदावर थांबू नका. आता बोटाच्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत हा फरक सांगणाऱ्या पट्ट्याही आल्या आहेत. नुकतेच रक्त चढवले असेल तर सांगा, कारण तपासणी चुकू शकते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला सोल्युबिलिटी चालत नाही. त्याची दुसरी तपासणी मागा.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचे ठरले. भंडारा जिल्हा राज्याच्या सिकलसेल कार्यक्रमात आहे. आशाताई, उपकेंद्र, सरकारी दवाखाना, तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय, भंडाऱ्याचे सामान्य रुग्णालय, कुठेही विचारा. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेलग्रस्त कुटुंबांना संघटित केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. त्याचे प्रमाणपत्र हा आपला हक्क आहे. ते मागताना मान खाली घालू नका.

लग्न ठरवताना

खरी अडचण इथे आहे. आपल्या समाजात तपासणी होते, पण कागद पेटीच्या तळाशी जातो. ‘पोरीचे लग्न मोडेल’ ही भीती. आम्ही स्पष्ट लिहितो: वाहक, म्हणजे एएस पॅटर्न, हा रुग्ण नाही. तो शेती करतो, नोकरी करतो, संसार करतो. वाहकाचे लग्न अंश नसलेल्याशी झाले तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. मात्र त्या जोडीदाराची एचपीएलसी तपासणी झालेली असावी, कारण थॅलेसेमियाचा वाहक असला तरी मूल आजारी होऊ शकते.

दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण, म्हणजे एसएस, होण्याची शक्यता चारात एक असते. पहिले रुग्ण झाले म्हणून पुढची तीन चांगली होतील, असा हिशेब नाही. प्रत्येक वेळी चिठ्ठी नव्याने निघते. असे जोडपे आधीच विवाहित असेल तर गर्भारपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास मोठ्या केंद्रात गर्भाची तपासणी करता येते. पुढचा निर्णय त्या दोघांचा.

आणि सासरच्यांनी ऐकावे: रुग्ण मुलाला एक अंश आईचा आणि एक बापाचा असतो. सुनेला एकटीला दोष देणे हे अज्ञानही आहे आणि अन्यायही. वधू-वर परिचय मेळाव्यात पत्रिका कोणी विचारत नाही, हे आपण मिळवले. आता दोन्हीकडचे रक्ताचे कागद शेजारी ठेवून बघण्याची रीत पाडू. मुलीचाच नव्हे, मुलाचाही.

ऑपरेशन असेल तर

सिकलसेलच्या रुग्णांना पित्ताशयात खडे होतात, खुब्याचे हाड झिजते. ऑपरेशनची वेळ येते. २०१३ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका चाचणीत, ऑपरेशनआधी रक्त न दिलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना आणि रक्त दिलेल्यांपैकी १५ टक्क्यांना त्रास उद्भवला. चाचणी लहान होती, पण धडा मोठा आहे. ऑपरेशन लहान असो वा मोठे, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सिकलसेलचे कार्ड आधी दाखवा. लपवलेला कागद टेबलावर जीवावर येतो.

घरातल्या भिंतीवर लावण्यासाठी

- पाणी भरपूर. शाळेत, शेतात, प्रवासात बाटली सोबत.
- रोवणीच्या पाण्यात दिवसभर भिजू नये. थंड तलावात पोहू नये. हिवाळ्यात अंग झाकावे.
- लोहाच्या गोळ्या किंवा टॉनिक मनाने देऊ नये. फॉलिक अ‍ॅसिड डॉक्टरांच्या सांगण्याने.
- बाळाच्या सगळ्या लसी वेळेवर, विशेषतः न्युमोनियाची. लहान मुलांना पेनिसिलिनबाबत डॉक्टरांना विचारावे.
- आईने बाळाच्या पोटाची डावी बाजू हाताने बघत राहावी. तिथे पाणथरी अचानक मोठी लागली आणि बाळ पांढरे पडले, तर त्याच घडीला दवाखाना.
- १०१ च्या वर ताप, छातीत दुखून धाप, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, मुलाच्या लिंगाला कित्येक तास न जाणारी वेदनादायक ताठरता: सकाळची वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.

आजारी पडून स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आनंदासोबत स्वतः आंघोळ घातली, ही कथा आपण विहारात ऐकतो. त्या भिक्खूला कोणी विचारत नव्हते, एवढाच त्याचा दोष होता. आपल्या वस्तीतल्या दुखणाऱ्या लेकराला आळशी म्हणण्याआधी त्याचे रक्त तपासून आणू. येत्या रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाने आशाताईंना विहारात बोलवावे, आणि तपासणीसाठी पहिला हात घरातल्या कर्त्या पुरुषाने पुढे करावा.

जय भीम.