मध्येच बंद पडणारं होडीचं इंजिन

प्रश्न : होडीचं जुनं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड इंजिन दहा मिनिटांत बंद पडतं, थोड्या वेळाने पुन्हा चालतं. काय करावं?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल करा. तो बंद राहिला की टाकीत निर्वात पोकळी तयार होते, पेट्रोल खेचलं जात नाही. हळूहळू हवा शिरली की इंजिन परत चालतं. तुमचं लक्षण बरंचसं असंच आहे. तरीही अडखळलं, तर पेट्रोलच्या नळीवरचा रबरी फुगा दाबा. इंजिन सावरलं, तर दोष नळीत, फिल्टरमध्ये किंवा इंधनपंपात. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुनी नळी आतून खराब होते, ती बदलाच. फुग्याने फरक पडला नाही, तर कार्बोरेटरचे जेट साफ करून इग्निशन कॉइल तपासून घ्या. तोवर वल्ही आणि नांगर घेतल्याशिवाय कृपा करून खाडीबाहेर जाऊ नका.