खेळताना लागलं तर काय करायचं आणि दवाखान्यात कधी जायचं?



हिवाळा लागला की शाळेत कबड्डी, खो-खोचा सराव सुरू होतो आणि कपाटातली प्रथमोपचार पेटी टेबलावर येते. आपल्या वर्ध्याकडची काळी जमीन पाऊस गेला की वाळून टणक होते, तिला भेगा पडतात. भेगेत पाय अडकला की घोटा मुरगळलाच समजा.

मुरगळलं की आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, "थांब, चोळून देतो." मग तेल येतं, बाम येतो, पाय ओढला जातो. नेमकं हेच करायचं नाही. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, चोळलं-शेकलं की सूज वाढते. खेळ थांबवा. बर्फ रुमालात गुंडाळून 15 ते 20 मिनिटं ठेवा. शाळेत बर्फ कुठून आणणार? माठाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं चालतं, फक्त ते सारखं बदला. पाय दप्तरावर उंच ठेवा. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा हाडावर बोट ठेवताच कळ येत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. हात वाकडा दिसला तर सरळ करू नका, आहे तसाच ओढणीच्या झोळीत ठेवून दवाखान्यात न्या.

खरचटलं तर वाहत्या पाण्याने धुवा. जखमेवर माती किंवा चहापत्ती दाबू नका आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. नाकातून रक्त आलं तर मान मागे टाकायची नाही. पुढे झुकून बसा आणि नाकाचा मऊ भाग 10 मिनिटं दाबून धरा.

आता डोक्याचा मार. भारताकडून खेळलेला फलंदाज रमण लांबा फेब्रुवारी 1998 मध्ये ढाक्यात एका क्लब सामन्यात फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता क्षेत्ररक्षण करत होता. चेंडू डोक्याला लागला. तो स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेला. पण आत रक्तस्राव झाला होता. तीन दिवसांनी तो गेला.

हे मला माहीत होतं, तरी माझी चूक झाली. आमच्या एका मुलीचं डोकं खो-खोच्या खांबावर आपटलं. "काही नाही झालं," म्हणत ती उठली. बाहेर बसवलं तर संघातून नाव जाईल, ही तिला भीती. मीही खेळू दिलं. घरी जाताना रस्त्यात तिला दोनदा उलटी झाली. दोन दिवस दवाखान्यात राहून ती बरी होऊन आली, पण ते दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

म्हणून डोक्याला मार बसला की त्या दिवशीचा खेळ संपला. पुढचे 24 तास घरातल्या मोठ्या माणसाने लक्ष ठेवायचं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, उठवूनही नीट जाग न येणं, फिट येणं, कानातून पाणी किंवा रक्त येणं, यातलं एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा, रुग्णवाहिका मोफत असते. वर्ध्याचं जिल्हा सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचं कस्तुरबा किंवा सावंगीचं विनोबा भावे रुग्णालय, जे जवळ असेल तिथे पोहोचा. आणि मान दुखत असेल, हातपाय बधिर झाले असतील, तर त्या मुलाला उचलून सावलीत नेऊ नका. त्याच्यावर छत्री धरा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हलू देऊ नका.

आमच्या संघात आता एक नियम आहे: लागलं म्हणून सांगणाऱ्याची जागा जात नाही. तुमच्या सरांना, मॅडमना विचारून बघा, तुमच्याकडे आहे का.