फळ त्याचं, चढण आपली

आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ११



अठराव्या अध्यायात आपण सध्या 'त्याग' या शब्दापाशी रेंगाळलो आहोत. आजच्या श्लोकाचा भावार्थ असा: ज्याला देह आहे त्याला सगळं कर्म सोडून बसणं शक्यच नाही. म्हणून जो कर्माचं फळ सोडतो, तोच खरा त्यागी.

वाचायला सोपं आहे. पण अडचण लगेच समोर येते. फळच नको असेल तर माणूस हातपाय हलवेल कशाला? परीक्षेचा फॉर्म भरायचा आणि निकालाची इच्छा धरायची नाही? घरचं माणूस दवाखान्यात आहे आणि ते बरं व्हावं असं म्हणायचंसुद्धा नाही?

या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकापेक्षा एका डोंगरावर जास्त नीट कळलं. आज त्याच डोंगराबद्दल.

महादेवाची वाट

आमचा नरखेड तालुका नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून. आमच्याकडे कुणी "महादेवाला चाललो" म्हटलं की समजायचं, पचमढीला चालला. १९५६ पर्यंत विदर्भ आणि पचमढी एकाच राज्यात होते. राज्यांची सीमा नंतर मधे आली, लोकांचं जाणं काही थांबलं नाही. नरखेड स्टेशन नागपूर-इटारसी मार्गावरच आहे. इटारसीला गाडी बदलून पिपरिया, आणि तिथून बसने किंवा जीपने घाट चढून पचमढी. काही जण छिंदवाड्यावरून रस्त्याने जातात.

पचमढीत महादेवाची मोठी गुहा आहे, आत सतत पाणी पाझरत असतं. जवळच गुप्त महादेव. तिथली फट इतकी अरुंद की अंग तिरकं करूनच आत शिरावं लागतं. भस्मासुर मागे लागला तेव्हा शंकर याच डोंगरांत लपले, अशी कथा सांगतात. या गुहेपासून चौरागडाची पायवाट सुरू होते. साडेतीन-चार किलोमीटरचं अंतर, आधी जंगलातली चढउतार आणि मग सुमारे १३०० पायऱ्या. खडक वालुकाश्माचा, पायऱ्या कमीजास्त उंचीच्या. सातपुड्यातलं सर्वांत उंच शिखर धूपगड (१,३५० मीटर) इथलंच, आणि चौरागडही त्याच्याहून फार खाली नाही. पहाटे निघालात तर दुपारपर्यंत दर्शन घेऊन खाली येता येतं. माकडांपासून पिशव्या तेवढ्या सांभाळा.

महाशिवरात्रीच्या आधीपासून इथे विदर्भातले लोक हजारोंनी येतात, आणि खांद्यावर त्रिशूळ घेऊन येतात. नवसाचा त्रिशूळ. कुणाचा हातात मावेल एवढा, कुणाचा इतका जड की चौघांनी मिळून न्यावा. वर देवळाजवळ वर्षानुवर्षांच्या त्रिशुळांचे ढीग लागलेत. काही शेंदराने लाल, काही गंजून काळपट झालेले.

मोठ्या आईचा त्रिशूळ

तीन वर्षांपूर्वी माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, फार आजारी पडले. मोठ्या आईने नवस बोलला: हे बरे झाले तर चौरागडावर त्रिशूळ वाहीन. नागपूरच्या दवाखान्यात उपचार चालले होते, त्यात कुणी काही कमी केलं नाही. पण दिवाळीच्या आधीच मोठे बाबा गेले.

माघ लागला तेव्हा मोठी आई लोहाराकडे जाऊन त्रिशूळ घडवून घेऊन आली. हातभर उंचीचा, चांगला वजनदार. घरात कुजबुज सुरू झाली. काकांनी सरळच विचारलं, "वहिनी, नवस फळलाच नाही, मग फेडायचा कायले?" रिवाजाप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. देवाने दिलं तर आपण द्यायचं, असाच नवस असतो.

मोठी आई एवढंच म्हणाली, "बोलली होती ना मी महादेवाले. त्याचं तो पाहीन, माह्यं मी पाहतो."

मी सोबत गेलो. बासष्ट वर्षांची बाई, पण त्रिशूळ कुणाच्या हातात देईना. दर वीसपंचवीस पायऱ्यांनी थांबायची, खांदा बदलायची, पुन्हा चालायची. आमच्या मळ्यातली मृगाच्या बहाराची संत्री पिशवीत होती, ती थांबेल तिथे शेजारी बसलेल्यांना वाटायची. अर्ध्या वाटेत तिच्या पायात गोळे आले. मी म्हटलं, इथूनच हात जोडू, देवाला कळतं. ती हसली आणि उठून चालू लागली.

वर पोहोचल्यावर तिने त्रिशूळ बाकीच्या त्रिशुळांमध्ये टेकवून ठेवला. थोडा वेळ बसली, रडली. मग म्हणाली, "चाल, उतरू."

त्या ढिगाकडे मी बराच वेळ पाहत होतो. कुठला त्रिशूळ फळलेल्या नवसाचा आणि कुठला न फळलेल्या, हे पाहून ओळखता येत नव्हतं.

श्लोकाकडे परत

आता याच अध्यायातले श्लोक ७ ते ९ आठवा. तिथे भगवंत त्यागाचे तीन प्रकार सांगतात. मोहाने नेमून दिलेलं कर्म टाकणं हा तामस त्याग. अंगाला त्रास होईल या भीतीने सोडून देणं हा राजस त्याग. आणि करायलाच हवं म्हणून कर्म करणं, पण आसक्ती आणि फळ सोडणं, हा सात्त्विक त्याग. मोठी आई घरीच थांबली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती. पण तिने चढण सोडली नाही, हिशेब सोडला.

मग नवस बोलणं चूक का? गीता तसं म्हणत नाही. सातव्या अध्यायात (श्लोक १६ ते १८) भक्तांचे चार प्रकार आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. दुःखात हाक मारणारा आर्त आणि काही मागणारा अर्थार्थी, हे दोघेही त्यात आहेत, आणि चौघांनाही भगवंत उदारच म्हणतात. मागायला बंदी नाही. मागितलेलं मिळालं नाही तर आपण काय करतो, तिथे भक्ती कळते.

आमच्या तालुक्यात हे समजवायला फार शब्द लागत नाहीत, कारण घरोघरी संत्र्याचे मळे आहेत. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडांना पाण्याचा ताण द्यायचा, मग वेळेवर पाणी सोडायचं. झाड फुलांनी पांढरं होतं. पण त्यातल्या थोड्याच फुलांचं फळ होतं. त्यातही गारपीट आहे, फळगळ आहे, शेवटी बाजारभाव आहे. शेतकऱ्याला चांगलं फळ हवंच असतं, तो काही वैरागी नाही. पण फळगळ झाली म्हणून पुढच्या हंगामात पाणी द्यायचं तो थांबत नाही. पाणी देणं त्याच्या हातात आहे, आणि ते तो चुकवत नाही.

म्हणजे फळ सोडणं म्हणजे इच्छा मारून टाकणं असं मला वाटत नाही. फळ मिळालं तरच माझं कर्म खरं, ही अट सोडणं, एवढाच त्याचा अर्थ मी घेतो. इंटरव्ह्यू गेला म्हणून अभ्यास वाया जात नाही. माणूस गेलं म्हणून केलेली सेवा खोटी ठरत नाही.

आजचा अभ्यास

आज रात्री झोपण्यापूर्वी एक गोष्ट आठवा, जी तुम्ही "फळ मिळालं नाही" म्हणून मधेच टाकून दिलीत. एखादं अर्धवट शिक्षण असेल, कुणाला दिलेला शब्द असेल, रोजचा जप असेल. त्यातलं आपल्या हातातलं जे पाऊल आहे, तेवढं उद्या सकाळी उचला. निकालाबद्दल देवाशी बोला, मागा, भांडलात तरी चालेल. पण पाऊल उचला.

उद्या श्लोक १२ पाहू: इष्ट, अनिष्ट आणि मिश्र, अशी कर्माची तीन फळं.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥