डोंगरावर घर घेतलंस, आता हे ऐक

ब्लू माउंटन्समध्ये घर घेतलंस, छान केलंस. सिडनीपेक्षा हवा बरी, मागे दरी, डेकवर बसून चहा प्यायची सोय. फक्त एक लक्षात ठेव, आग चढावर पळते. दर 10 अंश चढाला तिचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणजे 20 अंशांच्या उतारावरून ती चौपट वेगानं तुझ्या डेककडे येणार. दरीच्या बाजूची झुडपं आधी काढ, शोभा मग बघू.

ज्वाळांची भिंत टीव्हीवर दिसते, पण बहुतेक घरं जातात ती उडत्या निखाऱ्यांनी. इथल्या युकॅलिप्टसच्या पानांत तेल असतं, सालीच्या धांदोट्या लोंबत असतात. त्या पेटल्या की वारा त्यांना कधीकधी कित्येक किलोमीटर पुढे नेऊन टाकतो. आग अजून पलीकडच्या डोंगरावर असते आणि इकडे पन्हळीतली सुकी पानं धुमसायला लागतात. तेव्हा पन्हळ साफ हवी. छपराखालच्या झरोक्यांना धातूची जाळी लाव, भोकं 2 मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. गॅस सिलिंडरचा सेफ्टी व्हॉल्व्ह घराकडे तोंड करून ठेवू नकोस. आणि वहिनींनी हौसेनं कोकणातून आणलेलं काथ्याचं पायपुसणं आहे ना दारात, ते वाऱ्याच्या दिवशी आत घे. निखाऱ्याला असलं काही फार आवडतं.

इथला आगीचा हंगाम एरवी 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. म्हणजे दसरा-दिवाळी त्यातच. 2013 साली इथल्याच विनमलीच्या बाजूला दोनशेच्या आसपास घरं गेली, ती ऑक्टोबरातच. झाड विजेच्या तारांवर पडल्याचं निमित्त. ‘टोटल फायर बॅन’ जाहीर असेल त्या दिवशी वास्तुशांतीचा मुहूर्त कितीही चांगला असो, अंगणात होम पेटवायचा नाही. कोळशाची शेगडीही नाही.

वाऱ्याचं मात्र नीट समजून घे. दिवसभर वायव्येचा भाजणारा वारा असतो, मग तो अचानक फिरतो आणि दक्षिणेकडून गार झुळूक येते. माणसाला हायसं वाटतं, आणि तीच वेळ घाताची. तोवर आगीचा पट्टा लांबट आणि अरुंद असतो. वारा फिरला की त्याची अख्खी लांब कड पेटतं तोंड होऊन पुढे सरकते. व्हिक्टोरियात 7 फेब्रुवारी 2009 ला असाच वारा फिरला. त्या दिवसाच्या आगींत 173 माणसं गेली.

म्हणून शूरपणा नको. आगीच्या धोक्याची पातळी ‘कॅटास्ट्रॉफिक’ असेल तर आदल्या रात्री, फार तर सकाळी लवकर निघायचं. धूर दिसल्यावर निघू म्हणणारे सगळे एकदम ग्रेट वेस्टर्न हायवेवर येतात आणि गाडी जागची हलत नाही. फोनवर ‘हॅजर्ड्स निअर मी’ अ‍ॅप ठेव, पण त्याच्या भरवशावर राहू नकोस. वीज जाते, मग टॉवर जातो, पाण्याचा पंपही बंद पडतो. बॅटरीवरचा रेडिओ हवाच.

गाडीत काय ठेवायचं? पाणी, कागदपत्रं, औषधं, आणि आजीची घोंगडी. हसू नकोस. शुद्ध लोकर सहजी पेट घेत नाही, म्हणून इथले फायरवालेही लोकरीचंच ब्लँकेट ठेवायला सांगतात. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचं. नायलॉन-पॉलिएस्टर वितळून कातडीला चिकटतं. अडकलातच घरात, तर पाणी आहे म्हणून बाथरूममध्ये दडून बसू नका. बाहेरचं दिसेल आणि बाहेर पडायला दार असेल अशाच खोलीत थांबा.

आग गेली तरी धूर राहतो. 2019-20 च्या उन्हाळ्यात सिडनीकरांनी आठवडेच्या आठवडे तो गिळला. घरात दम्याचं माणूस असेल तर पी-2 मास्क आधीच आणून ठेव. काळी पडलेली झाडं मेली समजून लगेच तोडायला धावू नकोस, बऱ्याच युकॅलिप्टसना काही आठवड्यांत बुंध्यातूनच पालवी फुटते. पण पोकळ फांद्यांखाली गाडी लावू नकोस. आणि पावसाची टाकी असेल तर पहिल्या सरीआधी तिचा पाइप सोडवून ठेव. छपरावरची राख धुऊन गेली की मग जोड.