सॉफ्टवेअरचे काम चालविणाऱ्यांनी आधी काय वाचावे?

आपल्या घरांतील मुले आता सॉफ्टवेअरच्या धंद्यात शिरत आहेत. प्रोग्रॅम कसा लिहावा हे सांगणाऱ्या पुस्तकांना तोटा नाही. पण थोड्याच वर्षांत याच मुलांच्या हाताखाली दहा-दहा माणसे येतात, तेव्हा काय करावे हे त्यांना कोणी शिकवीत नाही. अशांनी फ्रेडरिक ब्रुक्स यांचे ‘द मिथिकल मॅन-मंथ’ आधी वाचावे.

ब्रुक्स (१९३१-२०२२) आयबीएम कंपनीत होते. १९६४ साली कंपनीने सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या ओएस/३६० या कार्यप्रणालीचे काम त्यांच्याकडे होते. शेकडो माणसे लावूनही ते वेळेत झाले नाही. त्या अनुभवावर १९७५ साली हे पुस्तक निघाले.

त्यांचे म्हणणे असे की, रखडलेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रखडते. आम्हा कापडवाल्यांना हे चटकन पटणार नाही. लग्नसराईची मागणी आली की आम्ही चार माग जादा चालवितो आणि माल उतरतो. पण एका मागाला दुसऱ्या मागाशी बोलावे लागत नाही! प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र सोबत्याचे काम समजून घ्यावे लागते. ५ माणसांत अशा १० जोड्या होतात, १० माणसांत ४५. शिवाय नव्या माणसाला शिकविण्यात जुन्याचाच वेळ जातो.

वेळेची त्यांची वाटणीही पाहण्याजोगी आहे. आखणीला एक तृतीयांश, प्रत्यक्ष लिहिण्याला फक्त एक षष्ठांश, आणि उरलेला अर्धा वेळ तपासणीला. दुकानासाठी बिलाचे सॉफ्टवेअर करून घेणाऱ्या व्यापाऱ्यानेही हे ध्यानात ठेवावे. “लिहून झाले ना, मग देत का नाही?” असा तगादा तो लावतो, तेव्हा निम्मे काम बाकी असते.

पुस्तकातील त्या काळच्या यंत्रांचा तपशील आता जुना झाला आहे, तो खुशाल वगळावा. घ्यायची तर १९९५ ची आवृत्ती घ्यावी. तिच्यात १९८६ चा ‘नो सिल्व्हर बुलेट’ हा लेखही आहे. कोणत्याही एका नव्या साधनाने किंवा पद्धतीने दहा वर्षांत हे काम दसपट सोपे होणार नाही, असे ब्रुक्स त्यात बजावतात.

त्यानंतर टॉम डिमार्को व टिमोथी लिस्टर यांचे ‘पीपलवेअर’ (१९८७) घ्यावे. गोंगाट आणि सतत वाजणारा फोन यांनी विचाराचे काम कसे मोडते, हे त्यात आहे. स्वस्त भाडे पाहून भर बाजारात ऑफिस थाटणाऱ्यांनी ती प्रकरणे जागा ठरविण्यापूर्वी वाचावीत.